वरच्या मजल्यावरून आलेली ओल

१९ एप्रिल
हॉलमध्ये कूलरच्या खिडकीखाली भिंत ओली. पाहताक्षणी निदान केलं : वरच्या इंदूबाईंचं बाथरूम. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. आस्थापना शाखेत होतो म्हणून काय झालं, पाण्याचा स्वभाव कळतोच. रमाचं म्हणणं, वरून आलं असतं तर खिडकीच्या वर ओल दिसली असती. बायकोला इंजिनिअरिंग समजावत बसत नाही.
संकल्प : २० मेला लेकीचं, अश्लेषाचं साक्षगंध याच हॉलमध्ये. साखरपुड्याआधी भिंत कोरडी. मोर्शीचे पाहुणे घर बघून माणूस जोखतात.

२२ एप्रिल
रमा म्हणते, कूलर बंद करून पाहा. काय संबंध? यंदा मी स्वतः पाइप जोडून कूलर ऑटोमॅटिक केलाय. पाणी थेट टाकीतून, भरला की आपोआप बंद. अख्खी अमरावती संध्याकाळी कूलरला बादल्या वाहते. मी पेपर वाचतो. प्लंबरला हात लावू दिला नाही, म्हणून काम चांगलं झालं.

२६ एप्रिल, सकाळी
इंदूबाईंना सौम्य शब्दांत सुनावलं. म्हणाल्या, "भाऊ, माहं बाथरूम त्या बाजूले हायेच नाही. तुमचा कूलर पाहा ना एकडाव." रमाने कान भरलेले दिसतात.

३ मे
सोसायटीच्या मीटिंगमध्ये इंदूबाईंचं बाथरूम फोडायलाच हवं, यावर भरपूर बोललो. लोक उठून जाऊ लागले, म्हणजे पटलं. शेवटी इंदूबाई म्हणाल्या, पोरीचं साक्षगंध हाय, फोडा एकदाचं. लहानपणी अश्लेषाची वेणी त्याच घालायच्या. मी मात्र यातला अपराधीपणा बरोबर ओळखला.

७ मे
बाथरूम फोडलं. आत खडखडीत कोरडं. गवंडी माझ्याकडे पाहत राहिला. त्याला सांगितलं, लीकेज चतुर असतं. नवी फरशी बसेपर्यंत इंदूबाई आंघोळीला आमच्याकडे. रमाने परस्पर सांगून टाकलं.

११ मे
भिंतीला वॉटरप्रूफ रंग. त्यावर माझ्या निवृत्ती सत्काराचा फोटो. विषय संपला.

१३ मे
रंगाचे पोपडे. फोटोत मी फुगलो.

१६ मे
ट्रान्सफॉर्मर जळाला. परवापासून लाइट नाही, टाकीत पाणी नाही, कूलर कोरडा. जीव गेला, पण भिंत वाळली. बाथरूम फोडल्याचा गुण, जरा उशिरा आला. पोपड्यांवर पुन्हा रंग मारला. इंदूबाईंना मोठ्या मनाने माफ केल्याचं कळवलं.

२० मे
साक्षगंध. पारा पंचेचाळीस. लाइट आलेली, कूलर फुल. पाहुणे खूश. व्याही भिंतीला टेकून बसले होते. नारळ घ्यायला उठले, तर पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर माझा वॉटरप्रूफ रंग. व्याह्यांनी खिडकीत वाकून पाहिलं. म्हणाले, "तुमचा कूलर भिताडाले ओलित करून राहिला ना भाऊ." त्यांची संत्र्याची बाग आहे, सिंचन त्यांना कळतं. नोकरी कोणत्या खात्यात होती, हेही विचारलं. मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.
अश्लेषाकडे पाहवेना. इंदूबाईंनीच टॉवेल ओला करून व्याह्यांची पाठ पुसली, दोन शब्द हसून बोलल्या, म्हणून पार पडलं. मला लाज वाटली. उकाडाही फार होता.

२१ मे
लग्न बडनेऱ्याच्या मंगल कार्यालयात. अश्लेषाने ठरवलं. इंदूबाईंची फरशी माझ्याकडून. रमाने ठरवलं. पाइप मी स्वतःहून काढला.
संध्याकाळी कूलर भरायला निघालो, तर बाथरूमला आतून कडी. इंदूबाई आत. काखेत पेपर, हातात रिकामी बादली, आपल्याच दाराशी उभा राहिलो. आतून म्हणाल्या, "थांबा भाऊ, पानी कुठी पळून नाही चाललं."