दुसऱ्या प्रतीवरचा शिक्का

१४ जुलै, सोमवार

वर्गात तो जुना इटालियन सिनेमा दाखवला. कामासाठी लागणारी सायकल चोरीला जाते. दिवसभर शोधून थकलेला बाप शेवटी दुसऱ्याची उचलतो – आणि लगेच सापडतो, पोराच्या देखत! पोरं हसली. मागच्या बाकावरचा सम्राट म्हणाला, "पयलंच कुलूप लावायचं न्हाय व्हय, म्याडम?" मी भडकले. म्हटलं, तो चोर नाही. त्याला चोर केलाय.

१६ जुलै

यंदा कॉलेजात आमच्या विभागात तासिका तत्त्वावर, दरवर्षी नव्याने भरतात ती, एकच जागा. मी सहा वर्षं शिकवतेय, सई चार. तिची आई जयसिंगपूरला आजारी, म्हणून ती तिकडेच. अर्ज माझ्याकडे दिलाय – "तुझ्याबरोबर माझा पण दे की." ऑफिसच्या आवक टेबलावरचे कारकून गुंडूमामा दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून देतात, तीच पोच. शुक्रवार शेवटचा.

१८ जुलै, शुक्रवार

माझा दिला. तिचा बॅगेत राहिला.

१९ जुलै

राहिला नाही, ठेवला. इथे तरी खोटं कशाला? पाच वाजेपर्यंत त्या टेबलापाशी दोनदा जाऊन आले.

आणि का द्यायचा? सहा वर्षं दर पावसाळ्यात नव्याने उमेदवार होते मी! तिचा नवरा बँकेत कायम आहे. माझ्या घरी आई नि मी, कमावणारी मीच. मी कुणाचं काही उचललं नाही. फक्त दिलं नाही. चोरी कसली त्यात!

२२ जुलै

मुलाखतीच्या यादीत माझं एकटीचं नाव. सईचा फोन आला. मी उत्तर तयारच ठेवलं होतं – दिला होता, तिथेच गहाळ झाला असेल. पोच मागेल एवढीच भीती होती. तिने मागितलीच नाही. "तू दिलायस म्हंजे दिलायस. गुंडूमामांनीच घोळ घातला असणार."

तिने तक्रार केली. मामांना नोटीस निघणार म्हणे. डिसेंबरात निवृत्त व्हायचेत. निघू दे. त्यांचं नाव मी घेतलं नव्हतं.

२३ जुलै

सिनेमावर चर्चा. मी म्हटलं, सायकलचा मालक त्याला सोडून देतो ती माणुसकी. सम्राट उठला. "सोडलं त्येच वाईट की म्याडम. पोलिसानं न्हेलं असतं तर फिटलं असतं. आता पोरगं हात धरून चाललंय, आन् ह्याला जलमभर त्या पोराकडं बघायचं हाय."

रागच आला त्याचा. मला शिकवतोय! तास दहा मिनिटं आधी सोडला.

खाली ऑफिसात गुंडूमामा कपाटामागं बॅटरी मारून सईचा अर्ज शोधत होते. शर्टाला सगळी धूळ. मला बघून म्हणाले, "तुमीच आनून दिलासा न्हवं त्यो? कुठल्या ढिगात ठिवला म्या, काय ध्यानात येत न्हाय बगा. वय झालं."

अर्ज माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता. मी "हो" म्हणाले. लाज वाटली, खूप वाटली. आणि त्या पोराचाही राग गेला नाही.

२४ जुलै, गुरुवार

सईचा अर्ज दिला. सोबत माझं पत्र – अर्ज मी मुद्दाम दिला नव्हता, मामांचा दोष नाही, यादीतून माझं नाव काढा. मामा उभ्याउभ्या वाचायला लागले. म्हटलं, आधी शिक्का मारा.

दोन्हीची पोच घेतली.