मोजणीनंतर

व्हर्नन बाळा,

त्या शुक्रवारी सकाळी मी बोंबील साफ करत होते आणि पप्पा आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होते. तुझा लंडनहून फोन आला. "पप्पा, जिंकलो! ब्रिटन युरोपातून बाहेर!"

पप्पांनी विचारलं, "रोशेलला फोन केलास? तुझ्या बहिणीने उलट मत दिलंय. जावई पोलंडचा आहे."

"कशाला? मोजणी झाली, खलास."

"जिंकलास ना? मग पहिला फोन तूच करायचा. मोठा आहेस."

तू केला नाहीस. त्या मतदानातून पुढाऱ्यांनी काय शिकावं, यावरची पुस्तकं मी इथल्या रोल्ला बाजारातून आणून, डिक्शनरी घेऊन वाचली. पप्पा बोलले त्यापेक्षा जास्त मला काही सापडलं नाही.

गेल्या वर्षी पप्पा गेले. त्यांच्या दफनाला तुम्ही दोघं शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिलात. आता तुझा मेसेज आला, की रोशेल येणार असेल तर चर्चमधल्या त्यांच्या वर्षाच्या मिस्साला तू येणार नाहीस.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू यातही बाजू शोधशील.

मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्ये गेले आणि फादरना पप्पांच्या नावाने दोन मिस्सा सांगितल्या, वेगवेगळ्या दिवशी.

तुझी, आणि तिचीही,
मम्मी