देवीच्या वेबसाईटला अध्यक्षांची सही

मुळगाव, डिचोली.

तीर्थस्वरूप महादेवभावोजी यांस कृष्णनाथाचा वाकून नमस्कार. (तुम्हांला सध्या वाकवत नाही, म्हणून दोघांच्या वाटणीचा मीच वाकलो.) गुडघा कसा आहे? चोपड्याला श्रद्धाकडे आराम पडतोय ना? सरस्वतीला म्हणावं, नदीचे ताजे मासे मिळतात म्हणून रोज तळायला बसू नकोस. लेकीचं झालं तरी जावयाचं घर आहे ते.

तुम्ही फोनवर विचारलंत, आमच्या समीक्षाचं ते सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय, आणि देवळाच्या कमिटीने त्यावर भरवसा ठेवावा का. अध्यक्ष म्हणून विचारणं तुमचं काम, बाप म्हणून सांगणं माझं. पण भावोजी, देवीशपथ, चौकशी करून करून माझ्या डोक्याचं भरीत झालंय! लोकांच्या वेबसाईटमध्ये कुठून घुसता येतं ते शोधायचं, त्याची ही परीक्षा. एक बनावट वेबसाईट देतात. दिवसभर बसून ती फोडायची, आणि मग कुठून शिरलो, काय हाती लागलं, दार कसं दुरुस्त करावं, याचा अहवाल लिहायचा. फोडली पण अहवाल धड नाही, तर नापास. (म्हणजे चोरी करून वर पंचनामाही चोरानेच लिहायचा!) आपला खजिनदार ओंकार म्हणाला, पाठांतराच्या परीक्षांपेक्षा हे बरं, इथे हाताने करून दाखवावं लागतं. मला बरं वाटलं. चहा संपायच्या आत तोच म्हणाला, पण बनावट फोडली म्हणून खरी तपासता येईलच असं नाही. मला वाईट वाटलं. हल्ली रोज हेच चाललंय.

शेवटी ठरलं, देवळाची अभिषेक-बुकिंगची वेबसाईट तिने तपासून दाखवावी. आपल्याला सर्टिफिकेटची पारख होईल, आणि तिला कंपनीला दाखवायला खऱ्या कामाचा एक अहवाल मिळेल. त्यावाचून तिची नोकरी अडून राहिलीय. तर ही बया म्हणते, मालकाच्या परवानगीशिवाय बोटसुद्धा लावणार नाही. आता मालक कोण? कागदोपत्री मालक देवी. मग देवीलाच विचारायला हवं, नाही का? भिकाजी गुरवांनी कौल मागायला देवीच्या मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. तुम्हांला त्यांची सवय ठाऊक आहे, एकदा तोंड उघडलं की आवरत नाही. "चारय खुंटांत जी काय दारां बंद असतली, ती ह्या लेकराच्या हातान उघडूं देत, म्हाराजा!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" (सगळ्यांत मोठ्याने मी.) लगेच उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. मी तर नारळ फोडायला धावलो.

समीक्षा मात्र पांढरीफटक. "बाबा, चार खुंटांत पंचायत येते, बँक येते, पोलीस ठाणं येतं! मला तुरुंगात धाडताय?" तिला म्हणे लेखी हवं, कुठल्या वेबसाईटला हात लावायचा, कुठल्या नाही, कधीपासून कधीपर्यंत, आणि खाली अध्यक्षांची सही. झालं! गुरव खुर्चीवरून ताडकन उठले. देवीने दिलं ते पुरत नाही, आता देवीच्याही वर अध्यक्ष का, म्हणाले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं कुठे चुकलं तेही मला कळत नाही.

पण भावोजी, कौल हातात असताना जी पोर बोट लावत नाही, ती भरवशाची म्हणायची. सर्टिफिकेटचं तुम्ही ठरवा.

तुमचा,
कृष्णनाथ

ता. क. सोबत परवानगीचा कागद आहे. मूळ मागणं तेवढंच: सही करून धाडा. पणजीची कंपनी अहवालासाठी थांबलीय. तिथे लागली की पोर रोज संध्याकाळी जेवायला घरी येईल. एकुलती एक आहे हो.

ता. ता. क. पाकीट बंद करता करता समीक्षाकडून कळलं, पणजीवाल्यांनी केव्हाच नकार कळवलाय. अहवाल मागणारी कंपनी बंगळूरची. तुमची सही झाली, अहवाल गेला, की पोर तिकडे जाणार. मी कागद पाकिटातून बाहेर काढला, बराच वेळ धरून बसलो, मग परत घातला. सही करा, भावोजी. मात्र गुडघेदुखीने चार दिवस उशीर झाला, तर मी काही म्हणणार नाही.