बंद न केलेलं खातं

३ मार्च
लॉग फायली – मशीनच्या कामाच्या नोंदी – पुन्हा आल्या! काल तर पुसल्या होत्या. हॉस्पिटलची पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटातले पाच कॉम्प्युटर, एकत्र चालतात – पाचांच्याही फोल्डरमध्ये एकेक नवी.

४ मार्च
आजही पाच. डोकं चालेना. मग लक्षात आलं – नवी फाईल तयार होते ती मशीन चालू होताना. म्हणजे कुणीतरी रोज पाचही मशीन बंद करून चालू करतंय! वेळ ठरलेली, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.
लॅबच्या बाई तणतणत आल्या. "ऐन गर्दीत रिपोर्ट अडकतात. आज एका तान्ह्या बाळाचा तासभर मिळाला नाही. आईचा जीव टांगणीला!"
साहेब म्हणाले, "कोण आहे ते शोधा. सोडणार नाही त्याला."

५ मार्च
सापडलं.
बाबांचं लॉगिन खातं.
हा कॉम्प्युटर विभाग बाबांनीच उभा केला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे होतं. हात धजला नाही. वाटलं, राहू दे, काय बिघडतंय! त्यांच्या वेळी मशीन रोज सकाळी हाताने बंद-चालू करावी लागत. ते अजून करताहेत. घरून.
आईला विचारलं. "नऊला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसतात. म्हणतात, ड्युटी आहे. मला वाटलं, गंमत करतात." मग हळूच – "परवा आपल्याच गल्लीत रस्ता चुकले. मी तुला बोलले नाही."
आतून बाबा – "काय कुजबुज चाललीय मायलेकींची?"
आम्ही हसलो. कसंबसं.

७ मार्च
दोन दिवस टाळलं. आज साहेबांना सगळं सांगितलं. चूक माझी, म्हटलं. "मला हे काम सरांनीच शिकवलं," ते एवढंच बोलले. मग – "आजच बंद करा."
केलं. एक क्लिक.
बाबांना सांगायचा धीर झाला नाही. जेवताना त्यांनी तीनदा विचारलं, "ऑफिस काय म्हणतंय?" तिन्ही वेळा "मजेत" म्हटलं.

८ मार्च
सव्वानऊला ऑफिसात टेबलावरचा फोन वाजला. बाबा! माझा आवाज ओळखला नाही त्यांनी.
"बाई, माझा पासवर्ड चालत नाहीये. मीच विसरलो असेन, हल्ली फार विसरतो. एक करा – माझी मुलगी तिथेच असते, तिच्या कानावर घालू नका. घाबरेल ती."
"नाही सांगत, सर," मी म्हटलं.