पाच किनारे, एकच साचा

२ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प दोनच. एक, वजन. दोन, जूनच्या आत देशातल्या पाचही किनारा केंद्रांची माहिती एकाच साच्यात आणणे. आजची परिस्थिती: समुद्रात नांगरलेले, लाटा मोजणारे तरंगते बोये सगळ्यांचे सारखेच, पण उत्तर केंद्र लाटांची उंची फुटांत कळवतं, पश्चिम केंद्र मीटरमध्ये, आणि बेटांवरचं केंद्र 'लाटा मध्यम' एवढंच. काल मुख्यालयाच्या नकाशावर एकच लाट एका गावात कमरेएवढी आणि शेजारच्या गावात मजलाभर दिसली. मोठे साहेब म्हणाले, मधे भिंत घातलीये का? सगळे हसले. मीही हसलो. (नकाशा माझा होता.)

गोपनीय: साचा एक झाला की केंद्रांवरचे शास्त्रज्ञ मुख्यालयात आणता येतील. दक्षिण केंद्राची प्रमुख म्हणजे आमची सौ. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता चार वर्षं होतील. तिला काही सांगितलेलं नाही. सरप्राइज.

१९ जानेवारी
ऑनलाइन बैठक. चार केंद्रं 'बघू' म्हणाली. दक्षिण केंद्र 'नाही' म्हणालं. सौ. म्हणाली, "सर, आमच्या खाडीचं पाणी तासातासाला बदलतं. तुमच्या साच्यात दिवसाचा एकच आकडा बसतो. पहाटे होड्या काढायच्या की नाही, हे लोक मला विचारतात, मुख्यालयाला नाही." घरात 'अरे ऐक' म्हणणारी बाई चारचौघांत 'सर' म्हणते. याला म्हणतात शिस्त. अभिमान वाटला.

आई पोळ्या लाटताना म्हणाली, "तिला यायचंय का, हे विचारलंस?" आईला व्यवस्थापनातलं कळत नाही.

८ फेब्रुवारी
साच्याचा मसुदा परत आला. समासात सौ.चे बावन्न शेरे! इतकं सविस्तर तिने मला लग्नाआधीही लिहिलं नव्हतं. चहा घेत दोनदा वाचले. शेवटचा शेरा: 'हे कुणाला विचारून ठरवलं?' कोणत्या कलमाबद्दल ते कळत नाही. बहुधा चौथ्या.

वजन: काटा बिघडलाय.

२१ फेब्रुवारी
सुतार येऊन गेला. मागच्या खोलीत खिडकीशी सौ.साठी टेबल. त्याने विचारलं, बाईंची उंची किती? मी मध्यम म्हणालो. आतून आई म्हणाली, "तुझ्या खांद्याला लागते." लागत असेल.

१४ मार्च
वादळ. दक्षिणेच्या बोयाची साखळी तुटली, बोया वाहून गेला. सौ. स्वतः होडी घेऊन शोधायला गेली, पाय घसरला, मनगट मोडलं. हे मला दैनिक अहवालात कळलं. (शेवटचा परिच्छेद, 'इतर'.) ताबडतोब फोन केला. विचारलं, आकडे किती वेळ बंद होते? ती म्हणाली, "अहवालात आहे ते," आणि ठेवला.

हाताचं विचारणारच होतो. आधी कामाचं उरकावं, मग घरचं निवांत बोलावं, अशी माझी पद्धत. पुन्हा लावला, लागला नाही. वादळात टॉवरचं काही खरं नसतं.

१५ मार्च
अजून लागत नाही. आईचा मात्र लागला. अर्धा तास बोलली, डोळे पुसत बाहेर आली. तिचं सिमकार्ड वेगळ्या कंपनीचं आहे.

२२ एप्रिल
राष्ट्रीय बैठक. सौ. आली, गेस्ट हाउसला उतरली. सभागृहाला ते जवळ पडतं. (आमचं घर रस्त्यापलीकडेच आहे, पण तो सिग्नल फार वेळ खातो.)

तिचा प्रस्ताव: मोजायची एककं सगळ्यांची एक. बाकी प्रत्येक केंद्र आपापल्या किनाऱ्याचं आपण ठरवणार, मुख्यालयाने हुकूम न सोडता सगळ्यांचं एकत्र मांडायचं. पाचही केंद्रांचे हात वर. मोठ्या साहेबांचाही. मीही केला. एकटं विरोधात दिसणं बरं नव्हे. शिवाय प्रस्ताव चांगला होता.

नंतर जिन्यात भेटली. हात गळ्यात बांधलेला. मी सगळं सांगून टाकलं: बदली, खोली, टेबल. ती पायरीवरच बसली. म्हणाली, "मला घरी आणायला अख्खा समुद्र मुख्यालयात आणायला निघालास? नुसतं 'ये' म्हणायचंस की रे."

मी म्हणालो, "म्हटलं असतं तर आली असतीस?"

"पहिल्या वर्षी? धावत आले असते."

आणि आता, असं मी विचारलं. ती रेलिंगला धरून उठली. म्हणाली, "आता माझं तिथे बस्तान बसलंय. रागावलेली नाहीये मी. रागावले होते तेव्हा तुझं लक्ष नव्हतं."

बैठकीचं इतिवृत्त पाठवतो, असं म्हणालो.

३० एप्रिल
नव्या रचनेत समन्वय अधिकारी हे पद, म्हणजे माझं, नाही. मोठे साहेब म्हणाले, तुम्ही ग्रंथालय बघा. शांत जागा आहे. एका अर्थी बढतीच.

६ मे
आई सकाळच्या गाडीने सौ.कडे गेली. परतीचं तिकीट काढू का विचारलं, तर म्हणाली, घाई काय आहे?

संध्याकाळी फोन आला. नीट पोचले म्हणाली, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाली. मागे सौ. हसत होती, अगदी मोकळं. हे हसणं मी विसरलो होतो. कशाला हसतेय, असं विचारणार होतो, तेवढ्यात आईने फोन ठेवला.