समासातली पेन्सिल

प्रिय भुंग्या,

या पत्रासोबत एक निळं पुस्तक पाठवते आहे. त्याचा कणा मीच बसवलाय. ते लगेच उघडू नकोस, आधी पत्र वाच. हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या फोनचं तुला माहीतच आहे. जेवलीस का, थंडी आहे का, मावशीचा गुडघा कसा आहे, बरं ठेवते. सात वर्षं आपण दोघी त्या एका गुडघ्यावर उभ्या आहोत.

वाचनालयात सध्या जुनी पुस्तकं बाद करायचं काम चाललंय. पहिला नंबर तुझ्या कपाटाचा लागला, चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्यांचा. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ही रडकी पुस्तकं आता कोण नेतंय? पोरांना फोनमध्ये रडता येतं." मी हसले, पण मला वाईट वाटलं. ते सगळं कपाट मी वाचलंय. घरातून पळालेली मुलगी, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा, भावाच्या मरणानंतर रोज कुणाशी तरी मारामारी करणारी ती दोघं जुळी. त्यातल्या आया मात्र मला कधी पटल्या नाहीत. एक तर त्या आधीच मेलेल्या असतात, नाहीतर दार न वाजवता खोलीत येतात आणि अभ्यासाचं विचारतात. मग वाटतं, मी तरी काय वेगळं केलं?

बाबा गेले त्या वर्षी तू पंधराची होतीस. वाचनालयातल्या माझ्या पुस्तक-दुरुस्तीच्या टेबलावरची कात्री घेऊन तू आपले केस कापलेस, तेही एकाच बाजूचे. शाळेला दांड्या मारायचीस. मी काही विचारलं की "काही नाही" म्हणायचीस आणि दार लावून घ्यायचीस. पण दर शनिवारी वाचनालयात यायचीस. एकच निळं पुस्तक परत करून तेच पुन्हा न्यायचीस. बाई चिडवायच्या, "पाठ करून परीक्षा द्यायची आहे का गं?" मी टेबलाशी बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बोलत नाही तर नाही, वाचते तरी आहे पोरगी. मला तुझा अभिमान वाटायचा. तोही कधी बोलून दाखवला नाही.

माझं काम तू लहानपणापासून बघितलं आहेस. परत आलेल्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा असल्या की ते माझ्या टेबलावर येतं. आधी खोडरबर, मग फाटलं असेल तिथे चिकटवायला खळ. खोडताना डाव्या हाताने पान ताणून धरायचं आणि आतून कडेकडे पुसत यायचं, नाहीतर कागद चुरगळतो. तुझ्या पुस्तकांत खुणा फार असायच्या. तुला ओरडा बसू नये म्हणून मी बाईंना सांगायचे नाही. गुपचूप पुसून टाकायचे. अगदी स्वच्छ.

आता जे लिहिते ते तुझ्या बाबांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. सही येत होती, आकडे येत होते. पुस्तकं मी रंगावरून आणि जाडीवरून ओळखायचे. तू काही वाचायला दिलंस की मी चष्मा विसरले म्हणायचे, आठवतंय? एवढ्या पुस्तकांत बसणाऱ्या बाईला वाचता येत नसेल, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. तुझ्याही आलं नाही. तू मावशीकडे निघून गेल्यावर घर रिकामं झालं आणि मी शिकले. ओळीवर बोट ठेवून, तुझ्याच कपाटातून, कारण त्या पुस्तकांना तुझा हात लागला होता. पहिली कादंबरी संपायला चौदा महिने लागले.

गेल्या महिन्यात टेबलाखालचं खोकं उपसलं. कणा मोडलेली पुस्तकं मी "नंतर बघू" म्हणून त्यात टाकायचे. तळाशी तू परत केलेलं शेवटचं पुस्तक होतं, न पुसलेलं. शेवटच्या पानाच्या समासात तुझं अक्षर. "आई, तू सगळं पुसतेस. निळ्या पुस्तकात विचारलं तेही पुसलंस. उत्तर न देणं हेच उत्तर आहे ना? मी जाते."

  मी तशीच उठून निळं पुस्तक शोधलं. नंतर वाचायला शिकल्यावर मी ते दोनदा वाचलं होतं, पण काही दिसलं नव्हतं. या वेळी खिडकीशी पान तिरकं धरलं. पेन्सिल जाते, दाबून लिहिलेल्याची चरी कागदात राहते, आणि तू दाबून लिहितेस. वडील मुलीला सायकल शिकवतात त्या पानावर फक्त "बाबा." तीन पानं पुढे, "मी वर्गात तिची वही फेकली नसती तर." आणि अगदी खाली, "आई, बाबा माझ्यामुळे गेले असं तुला वाटतं का? हो किंवा नाही, एवढंच इथे लिही. मी पुढच्या शनिवारी हेच पुस्तक नेईन."

तू नेलंस. आणि तुला कोरं पान मिळालं.

बाबा गेले त्या दिवशी शाळेचा फोन त्यांना नव्हता आला. मला आला होता. मुलीने कुणाची वही खिडकीतून फेकली, लगेच या. मी सहज जाऊ शकले असते, शाळा मागच्याच गल्लीत. पण त्याआधीच्या वेळी मुख्याध्यापिकांनी माझ्यापुढे कागद ठेवून "वाचा आणि सही करा" म्हटलं होतं. मी तो कागद हातात धरून किती वेळ बसले होते, ते मलाच ठाऊक. म्हणून मी बाबांना फोन केला. "तुम्हीच जा हो, मला इथून निघता येत नाही." ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लिफ्ट दुरुस्त करत होते. कारण त्यांना कळलं होतं, पण त्यांनी कधीच मला लाजवलं नाही. म्हणाले, "माणसं मधल्या मजल्यावर टांगून येऊ का? बरं, खाली उतरवतो आणि भुंग्याला घेऊन येतो." मग तो चौक, आणि तो ट्रक. तू वही फेकलीस म्हणून ते त्या रस्त्यावर नव्हते. मी एका कागदाला घाबरले म्हणून होते. दहा वर्षं हे मी तुला सांगितलं नाही, आणि तू ते ओझं स्वतःचं समजून वाहत राहिलीस.

म्हणून हे पत्र. तू एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. आता पुस्तक उघड. खुणेची दोरी ठेवली आहे तेच पान. तुझ्या चरीवरून पेन्सिल फिरवून तुझा प्रश्न मी पुन्हा होता तसा केलाय. त्याच्याखाली माझ्या हाताने "नाही" लिहिलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, हसू नकोस. पुस्तकावर बाद झाल्याचा शिक्का मारून घेतलाय, ते आता कुणाच्याही टेबलावर जाणार नाही. पानात एक पेन्सिल आहे, टोक करून ठेवली आहे. रागावून लिहायचं असेल तर तसं लिही. माझ्या उत्तराखाली बरीच जागा आहे, आणि मला आता वाचता येतं.

तुझीच,
आई