हार्दिकची पहिली वेलांटी

ती. अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावोजींचं कानातलं यंत्र सापडलं का, हे दोन्ही सवडीनं कळव. (यंत्र शोधायची भावोजींना स्वतःला घाई नसणार. तुझ्याशी एवढी वर्षं संसार केलेल्या माणसाला चार दिवस शांतता मिळत असेल तर मी मध्ये पडणार नाही.) आमच्याकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे छप्पर जागेवर आहे, नळाला पाणी आहे आणि मला रक्तदाबाखेरीज काही नाही. बाकी जे आहे ते फोनवर सांगता आलं असतं, पण आमच्याकडे फोन जेवणाच्या टेबलापाशीच नीट लागतो, आणि जेवणाचं टेबल आता माझ्या ताब्यात राहिलेलं नाही.

ते तुझ्या भावजयीनं घेतलं. तिला सहा महिन्यांपूर्वी शुभेच्छापत्रं करायचा नाद लागला. छापील नव्हे, हातानं केलेली. आता तूच सांग, कोपऱ्यावरच्या वह्यांच्या दुकानात छापील कार्ड मिळतं, त्यावर आपण नाव घालतो, पाकिटाला थुंकी लावतो आणि विषय संपतो. पण नाही. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. निवृत्त झाल्या, हात स्वस्थ बसेनात, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी हा वर्ग चालवतात. त्यांना मी दातवाल्या बाई म्हणतो. कागदाचं फूल कागदाच्या पानावर चिकटवताना त्या अजूनही समोरच्याला तोंड उघडायला सांगतील असं वाटत राहतं. चिमटा तोच, भिंगाचा दिवाही तोच. वर्गात सहा बायका आहेत आणि एक निवृत्त बँकवाले गृहस्थ आहेत, ते फक्त रिबिनीच्या गाठी मारतात. एवढी वर्षं नोटा मोजलेल्या माणसाची ही अखेर.

सामान काय काय लागतं ते ऐक. आधी शिक्के. रबराचे, पारदर्शक, फुलांचे, पक्ष्यांचे, आणि एक नुसत्या ठिपक्यांचा. (ठिपके काढायला शिक्का. पेनाचं टोक टेकवलं की जे होतं, ते करायला शिक्का.) मग साचे, ज्यांना ही मंडळी डाय म्हणतात. पातळ पत्र्याचे असतात, कड धारदार. आमच्या घरात आजमितीला पानाच्या आकाराचे सत्तावीस साचे आहेत. मी ते एकदा ओळीनं मांडून पाहिले. सत्तावीसही पानंच आहेत. हा साचा कागदावर ठेवायचा, वरखाली प्लॅस्टिकच्या पाट्या लावायच्या, आणि तो सगळा थर एका हातयंत्राच्या दोन रुळांमधून दांडा फिरवत न्यायचा. त्या वेळी घरातली काचेची भांडी कुणीतरी सावकाश चिरडतंय असा आवाज येतो. पलीकडून पाट्या बाहेर येतात आणि त्यात एक पान असतं. एवढं झाल्यावर तुझी भावजय ते पान उजेडाकडे धरते आणि असं पाहते की आमच्या मुलीचा निकाल लागला तेव्हाही तिनं तसं पाहिलं नव्हतं.

आणि शाया. मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, अक्का. आमच्याकडे दोन शाया होत्या, एक काळी आणि दुसरी संपलेली. इथे एकट्या निळ्याच्या अकरा डब्या आहेत, आणि प्रत्येकीला नाव आहे. एकीचं नाव 'दुपारची झोप'. मी दुपारी झोपतो, मला माहीत आहे, ती निळी नसते. एका करड्या शाईचं नाव 'जुनी मैत्री'. हे ज्यानं लिहिलं त्याला पगार मिळाला असेल, आणि आम्ही तिकडे अनुस्वारासाठी लेखकांच्या शिव्या खात होतो.

कार्डावर कार्ड, त्यावर जाळी, त्यावर पान, पानाखाली फोमचा तुकडा, म्हणजे पान उचलून दिसावं. एवढं केल्यावर ते पाकिटात मावत नाही. मग पाकीटही हातानं करायचं. ते टपालपेटीच्या फटीत जात नाही, म्हणून स्वतः नेऊन द्यायचं. आणि स्वतः जायचंच तर तोंडानंच शुभेच्छा द्याव्यात, कार्ड कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यावर तुझ्या भावजयीनं मला डिंकाची बाटली धरायला दिली. मी वीस मिनिटं धरून उभा होतो.

हे सगळं मी चालवून घेत होतो. टेबल गेलं, आम्ही ताटं मांडीवर घेतली. अंथरुणात चकाकी सापडते, सापडो. परवा रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या कानामागून एक सोनेरी चांदणी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेही सोसलं. पण मग वाचनालयानं प्रदर्शन ठरवलं. वर्गातल्या प्रत्येकानं चाळीस कार्डं करायची, वाचनकक्षात टेबलं मांडायची, लोक येतील, बघतील, आवडलं तर घेतील. तुझ्या भावजयीनं दीड महिना त्या चाळीस कार्डांवर घालवला. कार्डावरच्या मजकुरासाठी तयार शिक्का तिला पसंत पडेना. तिला अक्षर स्वतःचं हवं होतं. म्हणून तिनं कागदावर वळणदार अक्षरात 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं आणि बाजारातल्या शिक्केवाल्याकडून त्याचा शिक्का करून आणला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती टेबलं बघायला वाचनालयात गेली होती. मी पडायला म्हणून खोलीत गेलो, तर माझ्या खाटेवर चाळीस कार्डं वाळत घातलेली. पाच रांगा, आठ-आठ. मी उभ्याउभ्या पहिलं वाचलं. 'हार्दीक शुभेच्छा'. दुसरं वाचलं, 'हार्दीक'. दी दीर्घ. दुसरी वेलांटी. चाळीसच्या चाळीस वेळा दुसरी वेलांटी, तीसुद्धा जांभळ्या शाईत, आणि वर पावडर टाकून, गरम हवा मारून फुगवलेली, म्हणजे आंधळ्यालाही बोटानं चूक वाचता यावी.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि तू लगेच मत बनवू नकोस. सदऱ्याच्या खिशात लाल पेन होतं. ते नेहमीच असतं, निवृत्तीनंतर किल्ल्या ठेवतात तसं. मी ठरवून काही केलं नाही. मी पहिल्या कार्डाच्या दीवर एक रेघ मारली आणि समासात 'ऱ्हस्व' लिहून गोल केला. मग दुसऱ्याला. मुद्रितशोधकाचा हात एकदा ओळीला लागला की पान संपेपर्यंत थांबत नाही, हे ज्यानं ते काम केलंय त्यालाच कळेल. चाळिसावं कार्ड झालं तेव्हा मी वर पाहिलं, तर तुझी भावजय दारात उभी होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या मालकांनी एकदा माझ्यावर शाईचा डबा फेकला होता, तेव्हा मला काय करायचं ते कळत होतं (खाली वाकायचं). ती आत आली, एकेक कार्ड उचललं, खोक्यात रचलं, खोकं बंद केलं आणि म्हणाली, "आता झोपा. खाट मोकळी आहे."

मला वाटलं होतं ती प्रदर्शनाला जाणार नाही. गेली. लाल रेघांसकट चाळीस कार्डं टेबलावर मांडली. मीही गेलो, लांबून, वर्तमानपत्रांच्या रॅकमागे उभा राहिलो. दातवाल्या बाईंनी भिंग लावून एक कार्ड पाहिलं, आणि मला वाटलं आता मुळापासून उपटतात. तर त्या हसायला लागल्या. बँकवाले गृहस्थ म्हणाले, वा, ही कल्पना कुणाची, गुरुजींनी तपासलेल्या शुभेच्छा, चुकल्या तरी मनापासूनच्या. एका शाळेतल्या बाईंनी सहा घेतली. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी एक दर्शनी काचेत लावलं. दुपारपर्यंत तिचं टेबल रिकामं, आणि शेजारची सोनेरी जाळीवाली कार्डं लोक नुसती हाताळून ठेवताहेत. चुकीला बाजार आहे, अक्का. चौतीस वर्षं मी चुका फुकट काढून टाकत होतो.

मला वाटलं, संपलं. उलट आभार मिळतील. मी रॅकमागून बाहेर यायच्या बेतातच होतो, तेवढ्यात त्या शाळेतल्या बाईंनी तुझ्या भावजयीला विचारलं, हा लाल पेनवाला माणूस कोण. ती रिबिनीचं रीळ गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या घरात एक जण आहेत. त्यांना चुका दिसतात. बाकी काही दिसत नाही."

बाई हसल्या. तुझ्या भावजयीला वाटलं असतं तर तीही हसली असती, पण ती रीळ गुंडाळत राहिली. मी परत वर्तमानपत्रामागे गेलो. हवामानाचा अंदाज तीनदा वाचला.

त्याला आज बारा दिवस झाले. घरात बोलणं चालू आहे, पण सूचनाफलकासारखं. पाणी तापलंय. दार लावून घ्या. चष्मा फ्रिजवर आहे. शेवटी मी त्या शिक्केवाल्याकडे गेलो. सगळ्याचं मूळ तो. बाजारात दोन दुकानांच्या फटीत बसतो, डोक्यावर एक बल्ब, आणि ऱ्हस्व-दीर्घाची अक्कल शून्य असणार, हे त्याची पाटी बघूनच कळतं. म्हटलं, त्याला चार शब्द सुनावावेत. त्या भेटीबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. बोलणं फार पुढे गेलं नाही.

मग गेल्या मंगळवारी ती वर्गाला गेल्यावर मी टेबलाशी बसलो. एवढाच उद्देश की यात काही अवघड नाही हे एकदा सिद्ध करावं. अक्का, ते यंत्र शहाणं नाही. मी साचा उलटा ठेवला, त्यानं पानाऐवजी प्लॅस्टिकची पाटी कापली. शिक्का शाईवर टेकवून कागदावर दाबला, तर अर्धा पक्षी उमटला. जास्त दाबला, तर पक्ष्याला बाजूनं चौकट आली. पावडर टाकून गरम हवा मारली, आणि पावडर सगळी भिंतीवर. चौथ्या कागदाला धूर आला. दोन तासांनी माझ्याकडे एक वाकडं पान होतं आणि दहाही बोटं 'दुपारची झोप' या रंगाची. साबणानं जाईना. ती घरी आली, माझ्या हातांकडे पाहिलं आणि आत गेली. जेवायच्या आधी हात धुवायला गेलो, तर साबणाशेजारी शाई पुसायच्या द्रावणाची बाटली आणून ठेवलेली होती, झाकण सैल करून.

असो. तर असा हा रिकामपणाचा उद्योग. पिढ्यान् पिढ्या माणसं दोन ओळी लिहून खुशाली कळवत आली, त्याला आता सत्तावीस पानं आणि अकरा निळे लागतात. तू यापासून लांब राहा. तुमच्या गावात वर्ग निघाला तर भावोजींना पुढे करून दार लावून घे. गुडघ्याला तेल लावत जा. भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – वर एक गोष्ट लिहायची राहिली. शिक्केवाल्यानं मला चार शब्द बोलू दिले नाहीत. त्यानं खणातून तुझ्या भावजयीनं दिलेला मूळ कागद काढला आणि बल्बखाली धरला. अक्षर तिचं, दी दीर्घ. आणि खाली कोपऱ्यात लाल शाईत 'ठीक', आणि माझी सही. मग मला आठवलं. दुकानात द्यायच्या आधी तिनं तो कागद माझ्यापुढे धरला होता, जरा बघता का म्हणून. मी शब्दकोडं सोडवत होतो. न बघता सही केली. तिला हे पहिल्यापासून माहीत आहे. खोलीच्या दारात उभी होती तेव्हाही माहीत होतं, आणि वाचनालयात एवढे लोक विचारत होते तेव्हाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

ता. क. दुसरा – मंगळवारचं ते पान मी एका कार्डावर चिकटवलंय. वाकडंच बसलंय. वर मजकुराचा शिक्का मारलेला नाही. आत काहीतरी लिहायला हवं. चार दिवस कागद घेऊन बसतोय, पण 'प्रिय' नंतर स्वल्पविराम द्यावा की नाही, यापुढे गेलेलो नाही. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचलं, स्वतः असं कधी कुणाला लिहिलं नाही. तुला ती कळते, आणि मीही कळतो. उलट टपाली दोन ओळी लिहून पाठव. चुका असल्या तरी चालतील. जशाच्या तशा उतरवून घेईन.